दादाच्या मशीनमधली अजगराची अंडी

खोडदमध्ये साप पाळणारा माणूस म्हणजे मी, हे मी पाहुण्यांना स्वतःहून कधी सांगत नाही. सांगावंच लागत नाही. एसटीतून उतरून कुणी आमचं घर विचारलं की स्टँडवरची मंडळी आधी रेडिओ दुर्बिणीच्या अँटिनांकडं जाणारा रस्ता दाखवतात, मग पोल्ट्रीची शेड सांगतात आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणतात, "पण पावणं, निघताना चप्पल झटकून घाला, काय?" त्यामुळं आमच्याकडं आलेला पाहुणा चहा पाय वर घेऊन पितो.

खरं तर माझ्याकडं तेव्हा दोनच होते, आणि ते विषारी तर नाहीतच, शूरही नाहीत. बॉल पायथन म्हणतात त्यांना. मूळचे आफ्रिकेतले, अजगराच्या कुळातले पण आखूड, सरकारदरबारी रीतसर नोंद केलेले. जरा कुठं खुट्ट झालं की हा प्राणी डोकं मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो आणि जग शांत होईपर्यंत तसाच बसून राहतो. मला तो पहिल्या भेटीत आवडला तो याच गुणामुळं. घरात बायकोचा आणि वहिनीचा आवाज एकाच वेळी चढला की मीही साधारण हेच करतो. फक्त माझं पोट मध्ये येतं, म्हणून चेंडू पुरा होत नाही.

त्यांच्या अंगावर तपकिरी-काळी नक्षी असते. ती बघून आमच्या भागातला कुठलाही शहाणा माणूस पहिला शब्द काढतो तो 'घोणस'. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मळ्यातले म्हातारबा काठी घेऊन आले. मी म्हटलं, "बाबा, ही घोणस नाही. ही चावली तरी काही होत नाही."

"तुला चावली व्हती का?"

"नाही."

"मग तुला काय म्हाईत?"

मी त्यांच्या हातातली काठी घेतली आणि चहा पुढं केला.

पन्नाशीच्या आसपास माणसाला काहीतरी होतंच. आमच्या गावात कुणी या वयात सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहतं, कुणी भल्या सकाळी अँटिनांपर्यंत चालायला जातं. मी पोल्ट्रीची औषधं आणायला पुण्याला गेलो होतो. तिथल्या दुकानदाराच्या ओळखीनं एका तरुणाच्या घरी गेलो आणि त्यानं कपाटाचा खण ओढावा तसा एक खण ओढून मला एक अजगर दाखवला. मानेपासून पुढं पांढराशुभ्र, चुन्यात बुडवून काढल्यासारखा, मध्येच पाठीवर एक तपकिरी ठिगळ, की पुन्हा पांढरा. तो तरुण त्याला 'पाईड' म्हणाला. आपल्याकडं अशा रंगाच्या गाईला बांडी म्हणतात. मी पोल्ट्रीची औषधं तिथंच विसरून आलो.

तो तरुण बोलायला लागला की थांबत नसे. एकाचा नर, एकाची मादी घेऊन रंगात रंग कसा मिसळायचा, केळ्यासारखा पिवळा कसा काढायचा, विदूषकाच्या तोंडासारखे पट्टे कसे आणायचे, हे सगळं तो ज्या उत्साहानं सांगत होता तो उत्साह मी फक्त लग्न जमवणाऱ्या बायकांमध्ये पाहिला आहे. बांडं जनावर काही मला परवडण्यासारखं नव्हतं. त्यानं मला दोन साधी तपकिरी पिल्लं दिली, एक नर, एक मादी, आणि म्हणाला, "काका, दिसायला साधी आहेत, पण दोघांच्याही रक्तात तो पांढरा लपलेला आहे. मोठी करा, जोडी लावा. प्रत्येक अंड्याला चारातून एक संधी."

घरी येऊन हे बायकोला समजावणं आलं. मी म्हटलं, "तुझे डोळे काळे, माझे काळे. मग आपल्या पोरीचे घारे कुठून आले? तुझ्या वडलांचे घारे होते, माझ्या आजीचे घारे होते. ते तुझ्यामाझ्यात लपून बसले आणि पोरीत निघाले. तसंच हे."

बायकोनं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या वडलांना तुम्ही अजगराच्या पंगतीला बसवलं."

वहिनीचा प्रश्न वेगळाच होता. ती आमच्या भावकीत सोयरिकी जुळवते, तिला नात्याचा वास आधी येतो. "ही दोन्ही एकाच घरची का वो, भाऊजी?"

मी फसलो. म्हणालो, "हो, बाप एकच आहे. आया वेगळ्या."

"अगं बाई! मंजी सावत्र भाऊ-बहीण! आन् त्यांचं लगीन लावताय?"

रक्तातला लपलेला रंग दोन्हीकडून यायचा असेल तर नात्यात जोडी लावणं सोपं पडतं, हे वहिनीला समजावण्याची माझी टाप नव्हती. मी म्हटलं, "वहिनी, तसं नाही, मामाची पोर समजा."

"मग असं बोला की. त्येला काय हरकत न्हाई," असं म्हणून ती आत गेली, आणि आमच्या घरात तो विषय कायमचा मिटला.

मिटला नाही तो खोलीचा विषय. आमच्या दोन्ही घरांच्या मध्ये एक सामाईक खोली आहे. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, तिथं उभी हयात गावरान कोंबडीची अंडी उबवायचा. लाकडी कपाटाएवढं मशीन, आत दिवे, पाण्याचं घमेलं, थर्मामीटर. येडगावपासून नारायणगावपर्यंतची माणसं भाताच्या तुसात अंडी भरून त्याच्याकडं आणायची आणि पिल्लं घेऊन जायची. पुढं बाजारात आपोआप चालणारी छोटी मशीनं आली, ज्यानं त्यानं घरी एकेक घेतलं आणि दादाच्या मशीनवर चवाळं पडलं. त्या रिकाम्या खोलीत मी माझे खण मांडले. दादाला साप आवडत नाहीत. दिवस मावळल्यावर तो त्यांचं नावही घेत नाही, 'लांबडं' म्हणतो. मी तिथं खण मांडल्यापासून तो त्या खोलीत पाऊल टाकेना. काही सांगायचं झालं तर उंबऱ्याबाहेरून सांगायचा.

त्यात उंदरांचा प्रकार. पोल्ट्रीतले उंदीर मारण्यासाठी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या औषधं घालतोय, आणि इकडं मी अजगरांसाठी पांढरे उंदीर पाळले. त्यांना पिल्लं झाली की मला आनंद व्हायचा. बायको म्हणायची, "एका हातानं मारता, दुसऱ्या हातानं बारसं करता." बरं, एवढं करून अजगर खाईल तर शपथ. हा प्राणी मनात येईल तेव्हा महिनोन्‌महिने उपास धरतो. त्याच्यापुढं उंदीर हलवत मी जी आर्जवं केली तेवढी पोरगी लहान असताना तिच्या भातासाठी केली नव्हती.

शेवटी एका हिवाळ्यात दादा उंबऱ्यावर आला आणि त्यानं निकाल दिला. "बारक्या," तो म्हणाला. मी पन्नास ओलांडली तरी त्याच्यासाठी बारक्याच आहे. "किती वर्सं झाली तू बांडं बांडं करतोयस. येत्या उन्हाळ्यात बांडं निघालं तर ऱ्हाऊ दे तुझी ही वरात. न्हाय निघालं, तर दोन्ही लांबडी जिथून आणली तिथं पोचती कर. खोली मोकळी पायजे मला."

मी 'बरं' म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मादी मी करंगळीएवढी असताना आणली होती. आता ती मनगटाहून जाड झाली होती आणि माझा हात ओळखायची, असं मला वाटायचं. बायकोच्या मते ती फक्त हाताची ऊब ओळखायची. कसंही असलं तरी ती आता एका उन्हाळ्यावर टांगलेली होती.

थंडीत जोडी लावली. पहिल्या दिवशी दोघं खणाच्या दोन कोपऱ्यांत तोंड फिरवून बसली, बघण्याच्या कार्यक्रमात बसतात तशी. मग एके दिवशी जमलं. मी खणावर टॉवेल टाकला. बायको म्हणाली, "त्यांना कशाला लाज? टॉवेल तुमच्यासाठीच घाला." पुढं मादीनं अन्न सोडलं, खणाच्या गार बाजूला जाऊन पडू लागली, आणि उन्हाचा चटका वाढल्यावर एका सकाळी ती सहा अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली दिसली. तीन सुटी, तीन एकमेकांना चिकटून लसणाच्या गड्ड्यासारखी झालेली.

वेटोळ्याखालून अंडी काढताना बायको दारात उभी होती. "आईच्या पोटाखालनं काढताय," एवढंच बोलली आणि निघून गेली. पण आईपाशी ठेवली असती तर ती पिल्लं निघेपर्यंत उपाशी राहिली असती, आणि ती आधीच वाळली होती. मला ऊब देणारी पेटी हवी होती. आणि अख्ख्या खोलीत पेटी एकच, चवाळ्याखालची.

मी वहिनीकरवी विचारलं. दादाचा आवाज मला माझ्या घरात ऐकू आला. "माझ्या मशीनमधी लांबडं?" मग दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी खोलीतून धूर येताना दिसला. मी धावत गेलो तर दादा आत होता. चवाळं काढलेलं, मशीन पुसून काढलेलं, दिवे बदललेले, आणि तो आत औषधाची धुरी देत होता. माझ्या खणांकडं पाठ करून. "नासकं मशीन कुणाला द्यायची आपली पद्धत न्हाई," तो म्हणाला आणि माझ्याकडं न बघता बाहेर पडला.

आता इथं थोडं माझ्या हुशारीविषयी. कोंबडीच्या अंड्यांना साडेसदतीस अंश लागतात, सापाच्या अंड्यांना एकतीस-बत्तीस. दादा कधीतरी डोकावणार, काटा बघणार आणि 'पिल्लं गारठतील' म्हणून वाढवणार, हे मी ओळखून होतो. म्हणून मी बटणावर चिकटपट्टी लावली, एकावर एक तीन थर. नर्सरीवाल्याकडून रोपांसाठी वापरतात तो पांढरा भुसभुशीत पर्लाईट आणला, तो ओला करून डब्यात भरला, त्यात अंडी ठेवली. आणि प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक फुली मारली. कारण सापाचं अंडं घातल्यावर जसं ठेवलं तसंच राहावं लागतं, वरची बाजू वरच. चुकून धक्का लागला तर कळावं म्हणून ती खूण. एवढं सगळं केल्यावर मी स्वतःवर इतका खूश झालो की मिशीला पीळ दिला. मला मिशी नाही, पण हात आपोआप गेला.

मग बायकोच्या माहेरी, महाळुंगे पडवळला, तिच्या भाचीचं लग्न आलं. हळदीपासून पाठवणीपर्यंत राहायचं, शिवाय नंतर सत्यनारायण. मी दादाच्या उंबऱ्यावर गेलो, या वेळी मी बाहेर आणि तो आत. "दादा, मशीनच्या काट्यावर लक्ष ठेव. बत्तीसच्या वर गेला तर दार किलकिलं कर. बाकी तुला काही करायचं नाही. अजिबात काही करू नकोस."

आमच्याकडं पाहुणा येतो तेव्हा पायरीवरूनच सांगतो, "काही करू नका हां, आम्ही खाऊन आलोय." त्यावर आजवर एकाही घरात चूल बंद राहिलेली नाही. 'काही करू नका' याचा अर्थ कांदा चिरायला घ्या, हे लहान पोरालाही कळतं. आणि मी ते वाक्य अशा माणसाला ऐकवून गेलो ज्याला घरात कुणी 'जेवलास का' विचारलं तरी तो आधी मशीनकडं बघायचा.

लग्न चांगलं झालं. मी पंगतीत वाढलं, वरातीत थोडा नाचलो, त्याचा व्हिडिओ आहे, तो कुणी बघू नये. परत आलो तो पिशवी ओसरीवर टाकून सरळ खोलीत. काटा एकतीसवर स्थिर. चिकटपट्टी जशीच्या तशी. मी खूश होऊन डब्याचं झाकण उघडलं.

चिकटलेल्या तीन अंड्यांवर माझी फुली होती. सुट्या तीन अंड्यांवर फुली नव्हती. तिथं पेन्सिलीनं काढलेला एकेक सुबक गोल होता.

मी डबा तसाच धरून उभा राहिलो. गोल माझा नव्हता. मी एक अंडं नखाच्या टोकानं किंचित उचलून खाली बघितलं. फुली खाली होती.

एवढ्यात मागून दादाचा आवाज आला. तो खोलीत आला होता, आत, माझ्या खणांच्या शेजारी, आणि चेहऱ्यावर असं समाधान की त्याच्या मशीनला कुणी हार घातलाय. "अर्धवट खुणा करून गेला व्हतास," तो म्हणाला. "एका अंगाला फुली मारली की दुसऱ्या अंगाला गोल मारायचा असतो, तवा कळतं फिरवलंय का ऱ्हायलंय. एवढी वर्सं माझ्यासंगं ऱ्हाऊन तुला एवढं बी येईना व्हय?"

"तू फिरवलीस?"

"मग! सकाळ, दुपार, सांज. हात धुऊन. ती तीन चिकटलीत, ती काय सुटंनात, जोर लावला न्हाई, फुटली असती. आन् ऐक, कवच मऊ लागतंय. तुझ्या मादीला कॅल्शियम कमी पडलंय. शिंपल्याची पूड चालू कर."

कोंबडीचं अंडं फिरवलं नाही तर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. त्यासाठी या माणसानं आयुष्यभर दिवसातून तीनदा शेकडो अंडी बोटांच्या टोकांवर फिरवली होती. सापाचं अंडं बरोबर उलट. तिथं पिल्लू वरच्या बाजूला धरून वाढतं, अंडं फिरवलं की ते खाली जातं आणि बुडतं. आणि सापांना विटाळासारखं मानणारा माझा भाऊ, माझी जोडी घालवायचा निकाल देणारा माझा भाऊ, रोज हात धुऊन त्या खोलीत येऊन, माझं बांडं पिल्लू नीट निघावं म्हणून ती तीन अंडी फिरवत बसला होता. खोली हवी म्हणून त्याला ती अंडी मुद्दाम मारायची असती, तरी त्यानं याहून वेगळं काही केलं नसतं.

मी म्हणालो, "बरं केलंस, दादा."

आणि बाहेर जाऊन पुण्याच्या तरुणाला फोन लावला. तो म्हणाला, "काका, फिरवली? म्हणजे एकदा?"

"रोज तीनदा. शिस्तीत."

मग तो म्हणाला, "आता आहेत तशीच राहू द्या. परत फिरवू नका. कधीकधी वाचतात."

'कधीकधी' हा शब्द मी पोटात ठेवला होता, पण आमच्या घरात पोटात काही राहत नाही. बायकोनं फोनवरचं माझं बोलणं ऐकलं होतं. तिनं ते भाजी निवडताना वहिनीला सांगितलं, वहिनीनं दादाला. संध्याकाळी दादा ओसरीवर बसला होता, मी जाऊन शेजारी बसलो.

"मरतात व्हय रं, फिरवल्यावर?"

"नेहमी नाही. कधीकधी वाचतात."

"तू 'बरं केलंस' का म्हनलास मग?"

मी म्हणालो, "तू कॅल्शियमचं सांगितलंस ना, ते बरं केलंस."

तो हसला नाही. उठला, बॅटरी घेतली आणि खोलीत गेला. अंड्याला मागून उजेड लावून आतलं बघण्यात त्याच्याइतका तयार डोळा तालुक्यात नसेल. तो डब्याजवळ बसला, एकही अंडं न उचलता, वाकून, मान वेडीवाकडी करून, खालून-बाजूनं उजेड टाकत बघत राहिला. चिकटलेल्या तिन्हींत लाल शिरा. सुट्या एकात शिरा नाहीत, नुसतं पिवळं पाणी. दुसऱ्यात काही दिसेना. तिसऱ्यात शिरा, पण एका अंगाला गोळा झालेल्या. "हे तगलं तर तगंल," तो म्हणाला.

त्या दिवसापासून दादानं खोलीत खुर्ची आणून टाकली. खणांकडं तोंड करून. सुरुवातीला मादीनं जीभ बाहेर काढली की तो खुर्चीसकट मागं सरकायचा. मग सरकणं कमी झालं. एकदा मी बाहेरून ऐकलं, तो तिला सांगत होता, "बघतीस काय? मला काय म्हाईत व्हतं का? त्येनं मला सांगायला पायजे व्हतं." ही गोष्ट खरी होती. मी चिकटपट्टीचे तीन थर लावले, पण एक वाक्य लावायचं विसरलो होतो. मादीनं काही माझी बाजू घेतली नाही.

पहिलं अंडं लवकरच काळपट पडून बसलं. बाकीच्यांना बुरशी लागू नये म्हणून मी ते काढलं. दुसरंही पुढं गेलं. दादानं ती दोन्ही केळीच्या आळ्यात पुरली आणि हात धुता धुता म्हणाला, "ही माझ्यामुळं गेली."

"दादा, सहातली दोन जातातच."

"माझ्या मशीनमधली न्हाई जायची," तो म्हणाला.

राहिली चार अंडी. तीन चिकटलेली आणि ते एक तगलं तर तगणारं. त्या चारांत बांडं निघालं नाही तर मादी जाणार होती, आणि आता ती गेली असती तर दादाला ते जास्त लागलं असतं. खोली मोकळी हवी असं तो पुन्हा म्हणाला नव्हता. मागेही घेतलं नव्हतं. आमच्या घरात दिलेला निकाल कुणी मागं घेत नाही, त्यामुळं तो तसाच टांगून राहतो.

पावसाची झड सुरू असताना चिकटलेल्या अंड्यांवर बारीक चिरा पडल्या. कोंबडीचं पिल्लू टोच्या मारून गोल कवच फोडतं, हे ब्लेडनं कापल्यासारखी सरळ चीर देतं, त्यातून नाक बाहेर काढतं आणि तसंच बसून राहतं, आळशी माणूस दुलईतून बघतो तसं. दादाला ते बघवेना. "बारक्या, मदत करू का? जरा सोलतो." मी 'नको' म्हटलं. तो खुर्चीवर बसला आणि त्यानं दोन्ही हात मांडीखाली घातले.

तिन्ही पिल्लं एकामागून एक बाहेर आली. तपकिरी. दुसरं तपकिरी. तिसरंही आईबापांसारखं, छापून काढल्यासारखं तपकिरी. दारात उभ्या वहिनीनं प्रत्येकाला 'ग्वाड हाय' म्हटलं, पण तिसऱ्याला म्हणताना आवाज जरा उतरला.

फिरवलेल्या अंड्याला अजून चीर नव्हती. ते एका बाजूनं चेपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादानंच हाक मारली. अंड्याला चीर पडली होती, पण खालच्या अंगाला, भलतीकडंच, आणि तिथून पर्लाईटचे दाणे नाकावर घेऊन एक डोकं बाहेर आलं होतं. तपकिरी डोकं.

"हे बी तसलंच," दादा म्हणाला. पण जिवंत आहे म्हणून त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते बॅटरीच्या उजेडानं आले असं त्यानं नंतर सांगितलं.

मला माहीत होतं की बांड्याचंही डोकं तपकिरीच असतं, पांढरं सुरू होतं ते मानेच्या मागं. पण मी बोललो नाही. बोललो असतो आणि तसं नसतं निघालं तर? मी सकाळपासून शेडमध्ये गेलो नाही, पाणी सोडायला बायको गेली. दुपारपर्यंत ते पिल्लू नाक आत-बाहेर करत बसलं. मग एकदा कुठंतरी भांडं पडलं, पिल्लानं दचकून अंग ओढलं, आणि चिरेतून दोन बोटं मान बाहेर आली. तपकिरी मान, आणि तिच्यामागं पांढरं.

"बारक्या," दादा म्हणाला. "ह्येला काय झालंय? रंग गेलाय ह्येचा."

"दादा, रंग गेला नाही. हेच ते."

ते सगळं बाहेर आलं तेव्हा घरातली सगळी माणसं त्या खोलीत होती. पाठीवर एक ठिगळ, शेपटीजवळ एक, मधलं सगळं पांढरं, दुधावरच्या सायीसारखं किंचित पिवळसर. बायको म्हणाली, "अगदी बांडं आहे हो," आणि वहिनीनं त्याच्यावरून बोटं मोडली, लांबून. खोलीचा प्रश्न कुणी काढला नाही. दादा मशीनच्या तळाचं घमेलं पाण्यानं भरायला गेला, म्हणजे खोली माझ्याकडंच राहिली, हे मी समजलो.

प्रकरण इथंच संपलं असतं. पण पाणी भरून आल्यावर दादा बराच वेळ चारही पिल्लांकडं बघत उभा राहिला. कधी त्या तिघांकडं, कधी या एकाकडं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला.

"बारक्या, हे फिरवल्यानं झालंय."

"काय?"

"रंग. आत रंग बसत आसंल ना हळूहळू? आमी फिरवत गेलो, तो काय एका जागी बसंना. म्हनून मधी मधी कोरं ऱ्हायलं."

मी त्याला सगळं सांगितलं. रक्तातला लपलेला रंग, आईकडून एक, बापाकडून एक, चारातून एक, घारे डोळे, सासरेबुवा, सगळं. तो शांतपणे ऐकत होता. मी थांबल्यावर त्यानं चिकटलेल्या अंड्यांची रिकामी कवचं दाखवली.

"ही तीन मला फिरवता आली न्हाईत. आली का न्हाई?"

"नाही आली."

"कशी निघाली? तपकिरी. एकदम सारखी."

"हो, पण..."

"हे एक फिरवलं. कसं निघालं?"

उत्तर माझ्याकडं होतं, पण एवढा सरळ पुरावा समोर वळवळत असताना ते फार अशक्त वाटायला लागलं. वहिनी तर लगेच म्हणाली, "आवो, खरंच की!" माझी बायकोसुद्धा, जिला मी वर्षानुवर्षं घाऱ्या डोळ्यांचा धडा शिकवला होता, ती म्हणाली, "तुमचं ते चारातून एक असेल हो, पण भाऊजी म्हणतात त्यात तथ्य वाटतं."

संध्याकाळपर्यंत ही बातमी स्टँडवर पोचली होती की थोरल्यानं मशीनमध्ये अंडी फिरवून अजगराचा रंग बदलला. म्हातारबा या वेळी काठी न घेता आले. त्यांनी पिल्लू लांबून बघितलं आणि दादाला विचारलं, "माझ्या कोंबड्यांचं बी करून देशील का?"

"कोंबडीला न्हाय चालत, बाबा," दादा गंभीरपणे म्हणाला. "कोंबडीची तर कायम फिरवतोच की आमी."

पुण्याच्या तरुणाला आनंदाची बातमी द्यायला मी फोन लावला. तो इतका ओरडला की स्पीकरची गरज नव्हती. "काका, फिरवलेल्या अंड्यातून पाईड? कमाल आहे! नशीब हो तुमचं."

'नशीब' हा शब्द ऐकल्याबरोबर दादानं माझ्या हातातून फोन घेतला, घसा साफ केला आणि एरवी फक्त तलाठ्याशी वापरतो त्या आवाजात म्हणाला, "हॅलो, सायेब. मी ह्यांचा थोरला भाऊ. नशीब बिशीब काय न्हाई वो. तुमी एकदा रोज तीनदा फिरवून बघा. फकस्त हात धुऊन."